प्रोग्राममधून ईमेल पाठवताना बीसीसी कसं जोडायचं? माझी एक चूक आणि त्यातून शिकलेलं सगळं



फोनवर मेल लिहिताना तुम्ही 'बीसीसी' हा पर्याय पाहिला असेलच. त्यात पत्ता टाकला की तो बाकीच्यांना दिसत नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण हेच काम ॲपऐवजी स्वतःच्या प्रोग्राममधून करायचं म्हटलं, की इथे एक खड्डा आहे. मी त्यात पडलोय. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो, मग कोडकडे वळू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी एका छोट्या संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो. ही संस्था इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना फी भरायला मदत करते. त्या वर्षी ८६ मुलांचे अर्ज मंजूर झाले होते. संस्थेच्या ताई म्हणाल्या, "सगळ्यांना मेल टाक, कागदपत्रं घेऊन कधी यायचं ते कळव. पण एकमेकांची नावं दिसायला नकोत हं." मी म्हटलं, "ताई, बीसीसी असतं ना. पाच मिनिटांचं काम आहे."

खरंच पाच मिनिटांत झालं. पायथॉनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, स्वतःला एक टेस्ट मेल पाठवला, व्यवस्थित आला. रात्री अकरा वाजता पूर्ण यादीवर चालवला आणि झोपलो.

सकाळी एका मुलीचा मेल आला होता. "दादा, या मेलच्या डिटेल्समध्ये सगळ्यांचे ईमेल दिसत आहेत. माझ्या वर्गातली दोघं त्यात आहेत. मी फीसाठी अर्ज केलाय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

माझ्या पोटात गोळा आला. बीसीसी तर मी लावलं होतं! मग हे झालं कसं?

चला, हेच नीट समजून घेऊ.

टू, सीसी आणि बीसीसी: दोन मिनिटांत उजळणी

टाइपरायटरच्या काळात दोन कागदांमध्ये कार्बन पेपर ठेवून एकाच वेळी दोन-तीन प्रती काढायचे. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, ते नाव तिथूनच आलं. आपल्याकडच्या सरकारी पत्रांच्या खाली 'प्रत माहितीसाठी' असं लिहून खाली नावं असतात, तेच ईमेलमधलं सीसी. ज्याला पत्र लिहिलंय तो 'टू' मध्ये, ज्याला नुसतं कळवायचंय तो 'सीसी' मध्ये.

बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. एखाद्याला प्रत दिली, पण 'प्रत माहितीसाठी'च्या यादीत त्याचं नाव लिहिलंच नाही, असं समजा. प्रत त्याला मिळाली, हे बाकीच्यांना कळत नाही.

फोनवर जीमेल ॲपमध्ये नवीन मेल उघडला की 'टू' च्या ओळीत उजवीकडे एक छोटा खालचा बाण दिसतो. त्यावर टॅप केलं की सीसी आणि बीसीसीच्या जागा उघडतात. तिथे पत्ता टाकला की विषय संपला, बाकीची काळजी ॲप घेतं.

'ॲप काळजी घेतं' म्हणजे नेमकं काय करतं? माझा घोटाळा तिथेच झाला होता.

पाकीट वेगळं, पत्र वेगळं

ईमेलबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. प्रत्येक ईमेलचे दोन भाग असतात: बाहेरचं पाकीट आणि आतलं पत्र.

पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो. आतल्या पत्रावर 'प्रिय मामा' लिहिलंय की 'प्रिय काका', याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. पाकिटावर आत्याचा पत्ता असेल तर ते आत्याकडेच जाणार. ईमेलचंही अगदी असंच आहे.

मेल सर्व्हरला मेल देण्याची जी पद्धत आहे, तिला एसएमटीपी म्हणतात. तिचा नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिला, त्याचं नाव आरएफसी ८२१. मेलच्या आतला मजकूर कसा असावा, टू-सीसी-बीसीसीच्या ओळी कशा लिहाव्यात, हे सांगणारा नियम त्याच महिन्यात आला, तो डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी ८२२. बघा, पाकिटाचा नियम वेगळा आणि पत्राचा नियम वेगळा! पुढे २००८ मध्ये या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या आल्या, आरएफसी ५३२१ आणि आरएफसी ५३२२.

तुमचा प्रोग्राम सर्व्हरशी बोलतो तेव्हा साधारण असा संवाद होतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात त्या इंग्रजीत असतात.)

प्रोग्राम: मेल फ्रॉम, संस्थेचा पत्ता
सर्व्हर: २५०, ठीक आहे
प्रोग्राम: आरसीपीटी टू, पहिल्या मुलाचा पत्ता
सर्व्हर: २५०, ठीक आहे
प्रोग्राम: आरसीपीटी टू, दुसऱ्या मुलीचा पत्ता
सर्व्हर: २५०, ठीक आहे
प्रोग्राम: डेटा
सर्व्हर: ३५४, आता मजकूर दे, संपला की एका ओळीत फक्त एक टिंब दे
प्रोग्राम: फ्रॉमची ओळ, टूची ओळ, विषय, मग पूर्ण मजकूर आणि शेवटी टिंब
सर्व्हर: २५०, घेतला

'आरसीपीटी टू' हे पाकीट. मेल कुणाकुणाकडे जायचा, ते फक्त इथे ठरतं. 'डेटा' नंतर जे जातं ते पत्र. टू, सीसी, विषय या सगळ्या ओळी पत्राच्या वरच्या भागात असतात, त्यांना हेडर म्हणतात. मेल पोहोचवताना सर्व्हर हेडरमधली टूची ओळ वाचून पत्ते ठरवत नाही.

आता बीसीसीची जादू उघड झाली. बीसीसी म्हणजे: पत्ता पाकिटावर लिहायचा, पत्रात लिहायचा नाही. बस, एवढंच. एसएमटीपीमध्ये बीसीसी नावाची वेगळी कमांडच नाही. सर्व्हरच्या दृष्टीने टूवाला, सीसीवाला आणि बीसीसीवाला, तिघेही सारखेच 'आरसीपीटी टू'.

माझं नेमकं काय चुकलं?

पायथॉनमध्ये मेल पाठवायला 'एसएमटीपीलिब' नावाची लायब्ररी आधीपासूनच असते. त्यात 'सेंडमेल' नावाचं फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्यांच्या पत्त्यांची लिस्ट आणि पूर्ण तयार मेसेज. म्हणजे पाकीट आणि पत्र दोन्ही वेगवेगळं तुम्हीच द्यायचं.

मी काय केलं? मेसेज बनवताना टूमध्ये संस्थेचा पत्ता टाकला. मग ॲपमध्ये करतो तसंच म्हणून मेसेजला 'बीसीसी' नावाचं हेडर लावलं आणि त्यात ८६ पत्ते स्वल्पविरामाने जोडून टाकले. त्यानंतर सेंडमेलला तेच ८६ पत्ते लिस्ट म्हणून दिले आणि मेसेजची स्ट्रिंग करून दिली.

सेंडमेल हे फंक्शन मेसेजच्या आत डोकावत नाही. जे दिलं ते जसंच्या तसं पुढे ढकलतं. म्हणजे मी पाकिटावर पत्ते लिहिले, ते बरोबरच होतं, पण आतल्या पत्राच्या डोक्यावरही 'ही प्रत गुपचूप पुढील ८६ जणांना दिली आहे' अशी यादी लिहिली आणि ते पत्र ८६ जणांना वाटलं!

काही मेल सर्व्हर अशी ओळ आली तर ती स्वतःहून काढून टाकतात. उदाहरणार्थ, पोस्टफिक्स हा सर्व्हर ३.० आवृत्तीपासून मुळातच बीसीसीची ओळ गाळतो. पण सगळे सर्व्हर असं करत नाहीत आणि संस्थेच्या होस्टिंगवरचा सर्व्हर करत नव्हता. म्हणजे एकाच्या लॅपटॉपवर चालणारा कोड दुसरीकडे घात करू शकतो. सर्व्हर सांभाळून घेईल, या भरवशावर राहायचं नाही.

आणि माझ्या टेस्टमध्ये हे का दिसलं नाही? कारण टेस्ट मी फक्त स्वतःच्या एका पत्त्यावर केली होती. यादीत एकच नाव असेल तर दुसऱ्याचं नाव दिसणार कुठून?

बरोबर पद्धत १: बीसीसीचं हेडर लावूच नका

सगळ्यात सरळ उपाय. पायऱ्या अशा:

१. मेसेज बनवा. फ्रॉममध्ये तुमचा पत्ता, टूमध्येही तुमचाच पत्ता (किंवा ज्याला उघडपणे पाठवायचंय त्याचा), मग विषय आणि मजकूर.
२. गुप्त पत्त्यांची एक वेगळी लिस्ट ठेवा. मेसेजला ती दाखवूही नका.
३. टूचे पत्ते, सीसीचे पत्ते आणि गुप्त पत्ते, या तीन लिस्टची बेरीज करून एक लिस्ट करा.
४. सेंडमेलला घेणाऱ्यांच्या जागी ही एकत्र लिस्ट द्या, मेसेज तोच द्या.

झालं. पाकिटावर सगळे आहेत, पत्रात फक्त उघड नावं आहेत.

इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक सांगून ठेवतो. पत्त्यांची लिस्ट द्यायची असते, स्वल्पविरामाने जोडलेली स्ट्रिंग नाही. स्ट्रिंग दिली तर पायथॉन ती पूर्ण एकच पत्ता समजतो आणि मेल सगळ्यांना जात नाही. "हेडरमध्ये तर सगळी नावं दिसतायत, मग मेल एकालाच का गेला?" हा प्रश्न पडला तर कारण हेच. हेडरला स्ट्रिंग लागते, पाकिटाला लिस्ट लागते.

बरोबर पद्धत २: 'सेंड मेसेज' वापरा

पायथॉन ३.२ पासून त्याच लायब्ररीत 'सेंड मेसेज' नावाचं दुसरं फंक्शन आहे. हे ॲपसारखं वागतं. तुम्ही मेसेजला टू, सीसी, बीसीसी तिन्ही हेडर लावा आणि मेसेजची स्ट्रिंग न करता, आहे तसा ऑब्जेक्ट याला द्या. घेणाऱ्यांची लिस्ट वेगळी दिली नाही, तर हे फंक्शन तिन्ही हेडरमधून पत्ते गोळा करून पाकीट बनवतं. मग मेसेजची एक प्रत काढतं, त्या प्रतीतून बीसीसीची ओळ पुसतं आणि ती पुढे पाठवतं.

नवीन कोड लिहिताय तर मी हीच पद्धत सुचवेन. सोबत मेसेज बनवायला जुन्या 'माइममल्टिपार्ट' ऐवजी 'ईमेलमेसेज' हा क्लास वापरा. का, ते पुढे येईलच.

मजा बघा, माझ्या त्या रात्रीच्या कोडमध्ये सेंडमेलच्या जागी सेंड मेसेज असतं, तर काहीच झालं नसतं. एका फंक्शनच्या नावाचा फरक!

जीमेलमधून पाठवायचं असेल तर

सर्व्हर आहे एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७. कनेक्शन जोडल्यावर लॉगिनच्या आधी 'स्टार्ट टीएलएस' करायला विसरू नका, त्याने पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होतं. पोर्ट ४६५ वापरलं तर सुरुवातीपासूनच एसएसएल लागतं, त्यासाठी 'एसएमटीपी एसएसएल' हा क्लास आहे.

नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. ३० मे २०२२ पासून गुगलने साध्या खात्यांसाठी ती सोय बंद केली. आधी खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग 'ॲप पासवर्ड' तयार करा. तो १६ अक्षरांचा असतो. आणि तो कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका हां! एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

बाकी भाषांमध्ये काय?

पाकीट आणि पत्राची गोष्ट सगळीकडे तीच. फक्त काम कोण करतं ते बदलतं.

पीएचपी: 'पीएचपीमेलर' लायब्ररीत 'ॲड बीसीसी' नावाची मेथड आहे. एकेक पत्ता तिला देत जा, लपवायचं काम ती बघते.

नोड: 'नोडमेलर' मध्ये टू आणि सीसीसारखंच 'बीसीसी' नावाचं फील्ड आहे. ते पाकिटासाठी वापरलं जातं आणि जाणाऱ्या मेसेजमधून काढलं जातं.

जांगो: इथे सावध राहा. 'सेंड मेल' हे सोपं फंक्शन सगळ्यांना आवडतं, पण त्याला दिलेली पूर्ण लिस्ट 'टू' मध्ये जाते, म्हणजे सगळ्यांना सगळे दिसतात! बीसीसी हवं असेल तर जांगोचाच 'ईमेलमेसेज' क्लास घ्या, त्याला बीसीसीची लिस्ट वेगळी देता येते.

जावा: जावामेलमध्ये पत्ता जोडताना त्याचा प्रकार सांगावा लागतो: टू, सीसी की बीसीसी. बीसीसीची ओळ पाठवताना गाळली जाते.

लायब्ररी कुठलीही असो, डॉक्युमेंटेशनमध्ये एकच प्रश्न शोधा: 'मी बीसीसीचं हेडर लावलं तर हे ते काढतं का?' उत्तर स्पष्ट सापडलं नाही तर पद्धत १ वापरा.

पाठवण्याआधी टेस्ट अशी करा

माझी टेस्ट कशी फसली ते वर सांगितलंच. आता मी हे करतो:

१. किमान तीन वेगळे पत्ते घेतो, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक टूमध्ये, दोन बीसीसीमध्ये.
२. तिन्ही इनबॉक्समध्ये मेल आला का बघतो. बीसीसीवाल्याला आलाच नाही, तर पाकिटात चूक आहे.
३. मेल नुसता उघडून बघत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' निवडतो. तिथे मेल कच्च्या रूपात, सगळ्या हेडरसकट दिसतो.
४. त्या पानावर दुसऱ्या बीसीसी पत्त्याचा शोध घेतो. एकदाही सापडता कामा नये.

आणि ही टेस्ट ज्या सर्व्हरवरून खरा मेल जाणार आहे, तिथूनच करायची. तुमच्या 'सेंट' फोल्डरमध्ये बीसीसीचे पत्ते दिसले तर घाबरू नका, पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतीत ते दिसू शकतात.

बीसीसी म्हणजे चिलखत नाही

बीसीसी बरोबर लावलं तरी काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, रिप्लाय ऑल. समजा तुम्ही मित्राला टूमध्ये आणि बहिणीला बीसीसीमध्ये ठेवलं. बहिणीने 'रिप्लाय ऑल' दाबलं, तर तिचं उत्तर मित्राला जातं आणि गुपित फुटतं. अशा वेळी मेल पाठवून झाल्यावर तो बीसीसीवाल्याला वेगळा फॉरवर्ड करणं जास्त सुरक्षित.

दुसरी, मर्यादा. साध्या जीमेल खात्यातून एका दिवसात साधारण ५०० जणांपर्यंतच मेल जातात, आणि बीसीसीतला प्रत्येक पत्ता त्यात मोजला जातो. एसएमटीपीचा नियम म्हणतो की सर्व्हरने एका मेलमागे किमान १०० पत्ते तरी घेतले पाहिजेत. त्यापुढे किती घ्यायचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. यादी मोठी असेल तर तुकडे करून पाठवा.

तिसरी, नाकारलेले पत्ते. ८६ पैकी दोन पत्ते सर्व्हरने नाकारले तर पायथॉन ओरडत नाही. सेंडमेल आणि सेंड मेसेज ही दोन्ही फंक्शन नाकारलेल्या पत्त्यांची डिक्शनरी परत देतात, ती तुम्ही तपासायची. सगळेच नाकारले तरच एरर येते. फीच्या तारखेचा मेल दोघांना मिळालाच नाही आणि आपल्याला पत्ता नाही, हेही नुकसानच आहे.

मग खरा उपाय काय? यादी नाजूक असेल तर बीसीसी नकोच. प्रत्येकाला वेगळा मेल पाठवा. लूप लावा, एकेका माणसासाठी टूमध्ये त्याचाच पत्ता. दुसऱ्याचा पत्ता मेसेजमध्ये नसेलच तर फुटणार कसा? शिवाय 'प्रिय अमुक' असं नावही घालता येतं.

पण इथेही एक सापळा आहे, आणि 'ईमेलमेसेज' वापरा असं मी म्हटलं ते यासाठीच. जुन्या माइम क्लासमध्ये एकाच मेसेजला टूचं हेडर पुन्हा लावलं तर जुनं पुसलं जात नाही, नवीन त्याच्या खाली जोडलं जातं. म्हणजे मेसेज लूपच्या बाहेर एकदा बनवला आणि आत फक्त टू बदलत गेलात, तर दहाव्या माणसाला आधीच्या नऊ जणांचे पत्तेही दिसतील! 'ईमेलमेसेज' मध्ये दुसरं टू लावायला गेलं की सरळ एरर येते. म्हणून मेसेज लूपच्या आत, प्रत्येकासाठी नव्याने बनवा.

ही चूक फक्त आपल्यासारख्यांचीच नाही

लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्ही सेवेशी संबंधित एक न्यूजलेटर ७८१ जणांना पाठवलं. पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये गेले. त्यातल्या ७३० पत्त्यांमध्ये लोकांची पूर्ण नावं होती. क्लिनिक चालवणाऱ्या संस्थेला १ लाख ८० हजार पौंड दंड झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये तर ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून हेच झालं. तालिबानने नुकताच काबूलचा ताबा घेतला होता. ब्रिटनसाठी काम केलेल्या आणि देश सोडू पाहणाऱ्या अफगाण लोकांना एक मेल गेला, ज्यात २४५ जणांचे पत्ते टूमध्ये होते. यादी चुकीच्या हाती पडली असती तर लोकांच्या जिवावर बेतलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला ३ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावण्यात आला.

आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी योग्य काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण खरं सांगू? त्या सकाळी माझ्या डोक्यात दंड-बिंड काही नव्हतं. त्या मुलीचं वाक्य होतं.

चूक झालीच तर?

मेल परत बोलावता येत नाही. जीमेलचं 'अनडू सेंड' जास्तीत जास्त ३० सेकंदांसाठी असतं, आणि प्रोग्रामने एसएमटीपीवरून पाठवलेल्या मेलला तीही सोय नाही. मग काय करायचं?

त्याच यादीला घाईघाईत 'सॉरी'चा मेल टाकू नका, तोच कोड तीच चूक पुन्हा करेल. आधी जबाबदार माणसाला सांगा. मग प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवा: काय झालं, कोणती माहिती दिसली, आणि तो मेल डिलीट करण्याची विनंती.

मी ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मुलांना आपण फोन करू या, मेल नको." त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघांनी मिळून ८६ फोन केले. बहुतेक मुलं "चालतंय दादा" म्हणाली. काही काहीच बोलली नाहीत. ज्या मुलीने मेल केला होता तिला मी सगळ्यात आधी फोन लावला. ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, कळतंय मला. पण आता कॉलेजमध्ये मलाच जायचंय ना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बीसीसीमध्ये ठेवलेल्या माणसाला आपण बीसीसीत आहोत हे कळतं का?
बहुतेक वेळा कळतं. मेल त्याला आलाय, पण टू-सीसीमध्ये त्याचा पत्ता नाही, यावरून अंदाज येतो. बाकीचे बीसीसीवाले मात्र त्याला दिसत नाहीत.

टू रिकामं ठेवलं तर चालेल का?
मेल जातो, पण असा मेल स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. टूमध्ये स्वतःचा पत्ता टाकणं बरं.

फोनवरून मेल पाठवताना ही कोडची भानगड लागू होते का?
नाही. जीमेल किंवा आयफोनच्या मेल ॲपमध्ये बीसीसीच्या जागेत पत्ता टाकला की ॲप बरोबर करतं. तिथे चूक होते ती माणसाची: घाईत सीसीत टाकायचं. पाठवण्याआधी एकदा बघा.

शेवटी एवढंच

पाकिटावर सगळे, पत्रात फक्त उघड नावं. सेंडमेल वापरत असाल तर बीसीसीचं हेडर लावू नका. लावायचंच असेल तर सेंड मेसेज वापरा. तीन पत्त्यांवर टेस्ट करा आणि 'शो ओरिजिनल' बघा. यादी नाजूक असेल तर प्रत्येकाला वेगळा मेल.

संस्थेचे मेल आजही मीच पाठवतो. आता लूप आहे, एका वेळी एकच पत्ता. ८६ मेल जायला काही मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

तुमच्या कोडमध्ये कुठे सेंडमेल आणि बीसीसीचं हेडर एकत्र दिसलं तर आजच बदला, आणि काही अडलं तर खाली कमेंटमध्ये नक्की विचारा. कॉलेजच्या फेस्टचे किंवा क्लबचे मेल पाठवणारा एखादा मित्र असेल, तर त्याला हा लेख पाठवून ठेवा.